नळ गळतोय का गं?

रविवारी दुपारी तीन वाजता आईचा व्हिडिओ कॉल येतो. हिवाळ्यात तिच्याकडे तेव्हा साडेआठ झालेले असतात, कुकर लावलेला असतो, आणि तीन शिट्ट्या होईपर्यंतचा जो वेळ असतो तो तिने माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. जानेवारीतल्या त्या रविवारी ती शेजारच्या लग्नाची हकीकत सांगत होती. सांगता सांगता ती थांबली. वर्गात मागच्या बाकावर कोण कुजबुजते आहे ते हेरताना ती मान जशी तिरकी करायची तशी तिने केली आणि म्हणाली, ‘‘नळ गळतोय का गं तुझा?’’

मीही कान दिला. बुडुक्. मग तीन-चार सेकंदांची शांतता. मग पुन्हा, बुडुक्.

‘‘हो,’’ मी म्हणाले. ‘‘स्वयंपाकघरातला. दाखवायला हवा कुणाला तरी.’’

नळ गळत नव्हता. जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि इस्त्रीच्या टेबलामागे, साडेचार लिटरची काचेची बरणी मी जुन्या शालीत गुंडाळून ठेवली होती. तिच्या तोंडाला रबरी बूच होते, बुचात पाणी भरलेली वळणदार नळी होती, आणि बरणीत तयार होणारा वायू त्या पाण्यातून एकेक बुडबुडा करून बाहेर पडत होता. आदल्याच दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा घरी बिअर केली होती. ‘केली होती’ हे क्रियापदही मला नाइलाजाने वापरावे लागते आहे. आपल्याकडे लोणचे घालतात, विरजण लावतात, दारू गाळतात. पण बिअर गाळत नाहीत, ती नुसती आंबते, आणि तिच्यासाठी घरगुती क्रियापद मराठीला कधी लागलेच नाही. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, स्वतःच्या घराचे हप्ते स्वतः भरते, आणि जे मी केले ते मी राहते त्या देशात पूर्णपणे कायदेशीर आहे. तरीही ते ‘हो’ माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कपाटाच्या दाराकडे बघत बसले.

मी राहते ते इंग्लंडातले बर्टन-अपॉन-ट्रेंट हे गाव बिअरवर उभे राहिले आणि पुष्कळसे बिअरवरच टिकले आहे. इथल्या जमिनीखाली जिप्समचे थर आहेत, त्यामुळे विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम आणि सल्फेट भरपूर उतरते, आणि त्या पाण्यात केलेली फिकट रंगाची कडवट बिअर स्वच्छ आणि खणखणीत लागते. हे गुपित कळल्यापासून जगभरचे बिअरवाले आपापल्या पाण्यात जिप्सम मिसळतात आणि त्या क्रियेला या गावाचेच नाव आहे. जिप्सम म्हणजे तेच, ज्याचे खडू होतात. आईने तीस वर्षे ज्याने फळ्यावर लिहिले आणि ज्याची पांढरी धूळ तिच्या साडीच्या निऱ्यांत कायम असायची. गावात वारा एका बाजूने आला की भाजलेल्या धान्याचा गोडसर वास येतो आणि दुसऱ्या बाजूने आला की मार्माइट या पावाला लावायच्या यीस्टच्या चटणीच्या कारखान्याचा खारट, जळका, मांसाच्या रश्श्यासारखा वास येतो. हा कारखाना १९०२ साली इथे आला तो बिअरच्या तळाशी उरणाऱ्या यीस्टच्या ओढीनेच. पहिली दोन वर्षे मला तो वास सहन होत नसे. आता बाहेरगावाहून परतताना स्टेशनवर तो नाकात शिरला की घर आल्यासारखे वाटते, आणि असे वाटल्याचे थोडे वाईटही वाटते.

याच गावातून एकोणिसाव्या शतकात बिअरची पिंपे कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांकडे जात. लंडनच्या एका बिअरवाल्याची हिंदुस्थानातल्या व्यापारावर जवळजवळ मक्तेदारी होती. ती मोडण्यासाठी १८२२ च्या सुमारास ऑलसप नावाच्या इथल्या व्यापाऱ्याला तशीच बिअर करून बघायला सांगितले गेले आणि त्याच्या माणसाने पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला, अशी गोष्ट गावात सांगतात. खरी असो वा नसो, नवशिक्याला धीर देणारी आहे. पण या गोष्टीची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ती मला शनिवारी भांडी घासताना आठवली. ज्या सरकारच्या अमलात ही पिंपे मुंबईत उतरत होती त्याच सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने आपल्याकडचे माडी काढणे आणि दारू गाळणे परवान्यांच्या जाळ्यात अडकवले, आणि १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाब्याकडच्या लोकांना मोहाची फुले गोळा करण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. झाडाखाली पडलेली फुले उचलणे हा गुन्हा झाला. घरच्या घरी बिअर करणाऱ्या इंग्रजालाही १८८० पासून परवाना काढावा लागे, हे खरे. पण त्याची ती अट १९६३ साली सुटली आणि तेव्हापासून विकायची नसेल तर हवी तितकी करा असे झाले. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा अधिनियम अजून जागेवर आहे, आणि मी शनिवारी बर्टनमध्ये जे केले ते साताऱ्यात केले असते तर पोलीस येऊ शकले असते. कायद्याची भीती आईला सांगण्याच्या आड येत होती असे मात्र नाही.

बरणी मला शेजारच्या आजोबांनी दिली. ते इथल्याच एका बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि या भागातल्या रिवाजाप्रमाणे बाई असो वा बुवा, सगळ्यांना ‘मी डक’ म्हणतात. कुणी आपल्याला बदक म्हणते आहे याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले होते. गेल्या दिवाळीत मी त्यांना चकल्या नेऊन दिल्या, तेव्हा त्यांनी गॅरेजमधून ही बरणी, नळी, बूच आणि एक काचेचा हायड्रोमीटर असे काढून माझ्या हातात ठेवले. हायड्रोमीटर मी लगेच ओळखला. आमच्या गावी दूध संकलन केंद्रावर पहाटे किटल्यांच्या रांगेत उभे असताना जो लॅक्टोमीटर दुधात तरंगताना मी रोज बघत होते, त्याचाच हा भाऊ. दुधात पाणी किती ते तो सांगतो, बिअरच्या काढ्यात साखर किती ते हा सांगतो. ‘‘सगळे साधेच असते,’’ आजोबा म्हणाले. ‘‘फक्त धान्याला मोड आणायचे काम कुणीतरी आधी केलेले असते.’’

मोड. हा शब्द त्यांनी अर्थातच इंग्रजीत उच्चारला होता, पण माझ्या डोळ्यांसमोर आजीचे फडके आले.

आजी नाचणीचे सत्त्व करायची. नाचणी चार-पाच पाण्यांतून धुवायची, रात्रभर भिजवायची, सकाळी निथळून ओल्या पंचात घट्ट बांधायची आणि ते गाठोडे पितळी डब्यात घालून चुलीच्या उबेला ठेवायची. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठ सोडली की आत तांबड्या दाण्यांतून पांढऱ्या सुतासारखे मोड एकमेकांत गुंतलेले असत आणि काकडीसारखा हिरवा, ओला वास येई. मग सावलीत वाळवणे, मंद आचेवर हलकेच भाजणे, जात्यावर दळणे आणि वस्त्रगाळ करणे. साध्या नाचणीची पेज घट्ट होते, मोडाच्या नाचणीची पातळ राहते आणि गोड लागते, म्हणून बाळांना मोडाचीच द्यायची, हे आजीला ठाऊक होते. त्याचे कारण मला बर्टनमध्ये कळले. दाण्याला मोड येतो तेव्हा त्यात एक पाचक द्रव्य तयार होते, ते पिठूळपणाचे, म्हणजे स्टार्चचे, तुकडे करून त्याची साखर करते. सातू, म्हणजे जव, भिजवून, मोड आणून, वाळवून, भट्टीत भाजला की त्याचा माल्ट होतो. भिजवणे, बांधणे, वाळवणे, भाजणे: एकेक पायरी तीच. जुन्या पद्धतीच्या इंग्रजी कारखान्यांत मोड आलेला सातू फरशीवर पसरून लाकडी दाताळ्याने वर-खाली करत, म्हणजे मोड गुंतू नयेत. आजी तेच काम बोटांनी करायची. जिने उभ्या जन्मात दारूची बाटली हातात धरली नाही, तिच्या हातांना बिअरची निम्मी कृती पाठ होती.

तर शनिवारी सकाळी मी नऊशे ग्रॅम दरडलेला माल्ट घेतला. दाणा चावून पाहिला. भाजलेल्या पोह्यासारखा कुरकुरीत, मग एकदम गोड, हॉर्लिक्सचा चमचा कोरडाच तोंडात टाकावा तसा. श्रीखंडासाठी चक्का बांधायचा माझा जो पंचा आहे तो मोठ्या पातेल्यात अंथरला, त्यात माल्ट ओतला आणि वर अडीच लिटर कढत पाणी घातले, आजोबांनी दिलेल्या चिमूटभर जिप्समसकट. इथून पुढे तासभर ते सगळे सहासष्ट अंशांच्या आसपास राहावे लागते. थोडे गार असेल तर बिअर पातळ आणि कोरडी होते, थोडे गरम असेल तर जड आणि गोडसर राहते, आणि फारच गरम झाले तर ते पाचक द्रव्यच मरते. मी पातेल्यावर झाकण ठेवून ते रजईत गुंडाळले आणि दर दहा मिनिटांनी उघडून थर्मामीटर लावत राहिले. उघडल्यामुळेच ते निवते आहे हे कळायला अर्धा तास गेला. एकसष्टवर आले तेव्हा घाबरून उकळते पाणी ओतले. आईने हे पाहिले असते तर विरजणाचे भांडे सारखे हलवून बघणाऱ्या माणसाला ती जे बोलते ते मला बोलली असती.

पिठूळपणा संपला की नाही ते बघण्यासाठी आयोडीन वापरतात. पांढऱ्या बशीत त्या पाण्याचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. पंधरा मिनिटांनी पाहिले तेव्हा थेंब शाईसारखा काळानिळा झाला, तासाने पाहिले तेव्हा पिवळसर तपकिरी होता तसाच राहिला. आठवीत आईने आम्हाला हा प्रयोग बटाट्याच्या कापावर करून दाखवला होता. ती आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायची, आणि वर्गात मी तिला ‘बाई’ म्हणायचे असा नियम होता. त्या बशीकडे बघताना मला वाटले की हे जगात कुणाला दाखवावे असे असेल तर ते तिलाच, आणि दाखवता येणार नाही अशीही तीच. किण्वनाचा धडा ती फार रंगवून शिकवायची. दोन बाटल्यांत साखरेचे पाणी, एकीत यीस्ट, दोन्हींच्या तोंडावर फुगे. आमच्या मधल्या सुट्टीत एक फुगा उभा राहायचा. ‘‘साखर खाऊन यीस्ट दोन गोष्टी देते,’’ ती फळ्यावर समीकरण लिहीत म्हणायची. ‘‘एक हा वायू.’’ दुसरी गोष्ट ती लिहायची, पण मोठ्याने वाचायची नाही.

गाळून निघालेला काढा तांबूस, चिकट आणि बेदम गोड होता. तो उकळायला लागला आणि स्वयंपाकघरात गुऱ्हाळाचा वास पसरला. लहानपणी काहिलीभोवती उभे राहून आम्ही रसावरची मळी काढताना बघायचो, तसाच करडा फेस इथेही वर आला. काहिलीजवळ मळी काढायला माणूस उभा असतो. मी एक मिनिट फोन बघायला वळले आणि सगळे उतू गेले. दूध उतू गेलेले पुसता येते. हा काढा शेगडीच्या फटींत उतरला, कारमेल होऊन बसला, आणि त्यानंतर दोन आठवडे मी चहा ठेवला की घरात जळक्या साखरेचा वास यायचा. हॉप्स घातल्यावर वास बदलला. ही एका वेलीची हिरवी बोंडे. ती वेल भांगेच्या कुळातली आहे आणि तिची फक्त मादीची फुलेच कामाला येतात. सुकलेले बोंड बोटांत चुरडले तर पिवळी, चिकट पूड हाताला लागते आणि संत्र्याची साल, ओले गवत आणि कडू औषध असा मिळून वास येतो. आठ ग्रॅम तासभर उकळायला, दहा ग्रॅम शेवटी वासापुरते. कडवटपणा आणि टिकाऊपणा दोन्ही तिच्यातूनच येतात, म्हणूनच समुद्रावर महिनोन्महिने राहणाऱ्या पिंपांत ती जास्त घालत.

गॅस बंद केल्यापासून सोवळे सुरू होते. मला दुसरा शब्द सुचत नाही. काढा उकळता असतो तोवर त्यात काही जगत नाही. तो निवायला लागला की हवेतला, हातावरचा, चमच्यावरचा कोणताही जंतू त्यात घर करू शकतो आणि यीस्टच्या आधी ताव मारू शकतो. म्हणून बरणी, नरसाळे, बूच, नळी, कात्री, यीस्टचे पाकीट, सगळे जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायचे आणि मग कशालाही नुसते टेकू द्यायचे नाही. आजीच्या लोणच्याच्या बरणीचे नियम असेच होते: ओला हात नको, उष्टा चमचा नको, बरणी उघडी ठेवून बोलू नको. माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी या शब्दाचा जो वापर झाला तो आठवला की अंगावर काटा येतो. जंतूंच्या बाबतीत मात्र आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पातेले सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून काढा वीस अंशांवर आणला, हायड्रोमीटर सोडला, पाण्याच्या तुलनेतली घनता सांगणारा १.०४२ हा आकडा दिसला. तो वहीत लिहिला. मग यीस्टचे अर्धे पाकीट वर भुरभुरवले, बूच लावले, आणि काहीच झाले नाही.

रात्री अकरापर्यंत काहीच झाले नाही. पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा अंधारात कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज आला. मी कपाट उघडून जमिनीवर बसले. काढ्यावर बोटभर मळकट फेस चढला होता, आत पिठाच्या गोळ्या वर-खाली फिरत होत्या, पिकलेल्या केळ्याचा आणि पावाच्या पिठाचा वास येत होता. मी तो वास जपून घेतला, कारण मला दुसऱ्याच एका वासाची भीती वाटत होती.

आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. तो फार लाघवी होता. त्याने मला सायकल शिकवली, पतंगाला कणी बांधायला शिकवले. त्याच्या खिशात कायम वेलदोडे असत आणि तो मलाही एक द्यायचा. त्यामुळे वेलदोड्याचा वास हा माझ्यासाठी बरीच वर्षे मामाचा वास होता. वेलदोड्याखाली जे होते ते मला उशिरा कळले, आईला पहिल्या दिवसापासून कळत होते. तो ओट्यावर टेकला की ती आतूनच विचारायची, ‘‘काय चघळतोयस रे?’’ आणि तो म्हणायचा, ‘‘वेलदोडा, ताई.’’ यापलीकडे त्या दोघांत या विषयावर आमच्यासमोर कधी शब्द झाला नाही. मी अकरावीत असताना तो गेला. शेवटच्या महिन्यांत त्याचे पोट फुगले होते आणि डोळे हळदीसारखे झाले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या वॉर्डात देशी दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी मतदान मागितले. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आई तेव्हा निवृत्तीला आली होती. गुडघे दुखत असताना ती मामीला बरोबर घेऊन घरोघर फिरली. टाकलेल्या मतांपैकी बहुतेक आडव्या बाटलीला होती, पण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागत होती, आणि तितक्या बायका घराबाहेर पडू शकल्या नव्हत्या. दुकान राहिले. ‘‘ज्यांच्या घरी सगळ्यात जास्त मार होता, त्यांनाच त्या दिवशी घरातून सोडलं नाही,’’ एवढेच ती म्हणाली. तिच्या भाषेत बिअर, वाइन, देशी, विदेशी असे काही नसते. दारू हा एकच शब्द आहे, आणि त्या शब्दाला एकच चेहरा आहे. मी तिला चार टक्के आणि बेचाळीस टक्क्यांतला फरक सांगू शकले असते. तिला तो फरक माझ्याहून चांगला कळतो.

म्हणून नळ गळत राहिला. पुढच्या रविवारी तिने पहिला प्रश्न नळाचा केला. ‘‘प्लंबर आला का?’’ मी म्हटले, येतो म्हणाला आहे. तेव्हा बुडबुडा मिनिटाला एकावर आला होता, आणि तो नेमका ती बोलायची थांबली की यायचा. ‘‘कमी झालंय, पण आहे,’’ ती म्हणाली. ‘‘वायसर गेलं असेल. आपल्याकडे दहा रुपयांना मिळतं.’’ तिसऱ्या रविवारी घर शांत होते, आणि शांततेचाही खुलासा करावा लागला. मी सांगितले की झाला दुरुस्त. ‘‘किती घेतले?’’ या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. ‘‘चाळीस पाउंड,’’ मी म्हणाले. तिने मनातल्या मनात गुणाकार केला आणि खुर्चीतच ताठ झाली. ‘‘चार हजारांच्या वर! एका वायसरला!’’ ही बातमी त्या आठवड्यात मामीकडे, शेजारी आणि भिशीच्या बायकांकडे पोचली. इंग्लंडातल्या प्लंबरांच्या लुटीवर आमच्या आळीत जी चर्चा झाली तिच्या मुळाशी माझी बिअर होती.

त्या तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी मी ती बाटल्यांत भरली होती. आकडा १.०१० वर थांबला होता, म्हणजे सव्वाचार टक्के अल्कोहोलच्या आसपास. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या झाल्या. प्रत्येकीत मोजून तीन ग्रॅम साखर घातली, म्हणजे तळाशी उरलेले यीस्ट ती खाऊन बंद बाटलीत फेस तयार करील. इथे हात सैल सोडला तर बाटल्या फुटतात, हे आजोबांनी इतक्या गंभीरपणे सांगितले होते की मी सोन्याचा काटा असावा तशी साखर तोलली. मग पुन्हा कपाट, पुन्हा दोन आठवडे.

पाचव्या रविवारी दुपारी दोनला पहिली बाटली उघडली. फुस्स झाले, फेस ग्लासाबाहेर आला, रंग गढूळ मधासारखा होता. पहिला घोट कडू, मग भाजक्या धान्याची गोडी, आणि शेवटी हिरव्या सफरचंदासारखी एक कच्ची चव, जी अजून काही दिवस ठेवली असती तर गेली असती. बरी होती. एक ग्लास मी आजोबांकडे नेला. त्यांनी तो उजेडात धरला, हुंगला, एक घोट घेऊन बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘नॉट बॅड, मी डक.’’ या गावात याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. मी घरी आले, उरलेला अर्धा ग्लास उभ्या उभ्या संपवला. आनंद होता, फार होता. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

तीन वाजले. फोन वाजला. मी उचलला.

आई नेहमीच्या खुर्चीत होती, आत कुकर लावलेला होता. ती मामीच्या मोतीबिंदूबद्दल काहीतरी सांगायला लागली आणि मध्येच थांबली. मान तिरकी केली नाही, सरळ पडद्यात बघितले.

‘‘काय चघळतेयस गं?’’

तोपर्यंत मला कळलेले नव्हते. फोन वाजल्यावर उचलायच्या आधी मी मसाल्याच्या डब्यातून वेलदोडा काढून दाताखाली धरला होता. फोनमधून वास जात नाही.

‘‘वेलदोडा,’’ मी म्हणाले.

ती काही बोलली नाही. पहिली शिट्टी झाली. मग मी सगळे सांगितले: बरणी, सातू, आजीची नाचणी, आयोडीनचा थेंब, १.०४२ आणि १.०१०, नळ. मी भरभर बोलत होते, मध्ये थांबले तर ती काहीतरी विचारील या भीतीने. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. दुसरी शिट्टी होऊन गेली होती.

‘‘मोड किती दिवसांचे?’’ तिने विचारले.

‘‘मोड आणलेला, भाजलेला तयार मिळतो. दरडूनसुद्धा देतात.’’

‘‘म्हणजे मोडही तू आणले नाहीस,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ‘‘आणि ते चाळीस पाउंड?’’

‘‘कुणालाच दिले नाहीत.’’

तिने मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसतीच, ते मला पडद्यावर कळले नाही. तिसरी शिट्टी झाली आणि ती गुडघ्यावर हात ठेवून गॅस बंद करायला उठली. फोन तसाच चालू होता. त्यात रिकामी खुर्ची, भिंतीवरचे कॅलेंडर आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याची हलणारी पाने दिसत होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता. वेलदोड्याचे साल जिभेवर चोथा होऊन राहिले होते, ते थुंकायला उठावे की नाही हे न कळून मी खुर्चीकडे बघत बसून राहिले.